कमी बजेटमध्ये तलवारीची प्रतिकृती: पैसे कुठे घालायचे, कुठे वाचवायचे

प्रश्न थोडक्यात असा आहे: संग्रहातली पहिली तलवार घ्यायची आहे, बजेट बेताचं आहे आणि मन मध्ययुगीन युरोपातल्या दोन हातांच्या लाँगसोर्डवर बसलं आहे. समोर दोन पर्याय आहेत. एक स्टेनलेस स्टीलची, आरशासारखी चकचकीत, नक्षीदार, म्यान आणि भिंतीवरच्या लाकडी फळीसकट. दुसरी कार्बन स्टीलची, दिसायला अगदी साधी आणि किमतीला पहिलीच्या दुप्पट. शिवाय जो तो सांगतो की ‘फुल टँग’, म्हणजे पात्याचं पोलाद मुठीच्या आत पूर्ण गेलेलं, बघून घे, म्हणजे झालं. तेवढं पुरेसं आहे का?

नाही. का नाही, ते नीट सांगतो. मी मुठी बसवतो, म्यानं करतो आणि ढिल्या झालेल्या प्रतिकृती दुरुस्त करतो. त्यामुळे स्वस्त तलवारी माझ्यासमोर बहुधा सुट्या करूनच पडलेल्या असतात. स्वस्त तलवारीत काहीतरी गाळलेलं असणारच, त्याशिवाय ती स्वस्त होत नाही. म्यान साधं ठेवून पैसे वाचवलेत की पात्याला आकार देण्याचं कामच गाळलंय, यात मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिलं तुम्ही नंतर स्वतः सुधारू शकता. दुसरं कोणालाच सुधारता येत नाही.

आधी एकच ठरवा, तलवार हातात घेणार आहात का? ती फक्त भिंतीवर टांगायची असेल तर स्टेनलेसची बिनधास्त घ्या. गंजत नाही, पुसायचा व्याप नाही. पण ती हवेत फिरवायची नाही. ४४० जातीच्या स्टेनलेसमध्ये क्रोमियमचं प्रमाण भरपूर असतं आणि कार्बनशी मिळून त्याचे कठीण, ठिसूळ कण तयार होतात. वीतभर लांबीच्या सुरीत हे खपून जातं. पण ८०-९० सेंटीमीटरचं पातं जोरात फिरलं किंवा कुठे आपटलं, की त्याला लवावं लागतं, आणि हे पोलाद लवण्याऐवजी तुटतं. तुटलेला तुकडा कुठे जाईल याचा भरवसा नाही.

तुमच्या प्रश्नावरून मला वाटतं की तुम्हाला ती हातात घ्यायची आहे, जुन्या काळातल्या तलवारबाजांना ती कशी वाटत असेल याचा अंदाज घ्यायचा आहे. मग सगळ्यात आधी बघायची ती पात्याची जाडी. विक्रीच्या पानावर लांबी असते, वजन असतं, पोलादाचा आकडा असतो. जाडी क्वचितच दिलेली असते आणि दिली तरी एकाच ठिकाणची. खऱ्या जुन्या लाँगसोर्डचं पातं मुठीपाशी साधारण ६ मिलिमीटर, काही वेळा त्याहूनही जाड असतं आणि टोकाकडे जाताना पातळ होत होत २-३ मिलिमीटरवर येतं. रुंदीतला निमुळतेपणा फोटोत दिसतो, जाडीतला दिसत नाही. आणि खर्च तिथेच असतो, कारण त्यासाठी पोलाद ठोकून पातळ करावं लागतं किंवा पुष्कळसं घासून काढावं लागतं. स्वस्त कारखान्यात ५ मिलिमीटरच्या पट्टीतून आकार कापतात, कडा उतरवतात आणि पॉलिश करून मोकळे होतात. मुठीपाशी ५, मध्ये ५, टोकापाशी साडेचार. अशी तलवार हातात घेतलीत की टोक खाली खेचतं. वळवायला जा, टोक मागून येतं. मनगट लगेच तक्रार करतं. ‘जुने लोक काय ताकदीचे असतील’ असं लोक म्हणतात ते बहुतेक अशीच पट्टी उचलून.

म्हणून विक्रेत्याला सरळ विचारा: मूठ संपते तिथे, पात्याच्या मध्यावर आणि टोकापासून ५ सेंटीमीटर अलीकडे, या तीन ठिकाणी व्हर्नियर, म्हणजे जाडी बारकाईने मोजायचं साधन, लावून जाडी किती येते? आकडे ६, ४.५, ३ असे उतरत असतील तर बाकी थोडं डावं-उजवं असलं तरी ती तलवार बघण्यासारखी आहे. तिन्ही ठिकाणी एकच आकडा आला तर नक्षी कितीही सुंदर असो, पुढे चला.

वजनाचा गोंधळ यातूनच होतो. एका हाताची मध्ययुगीन तलवार साधारण १ ते १.४ किलो भरते. लाँगसोर्ड १.२ ते १.८ किलोच्या आसपास. माणसाच्या खांद्याएवढ्या दोन हातांच्या लढाऊ तलवारी २ ते ३.५ किलोच्या, त्याहून जड असतील त्या बहुधा मिरवणुकीच्या. जपानी कताना म्यानाशिवाय एक-सव्वा किलो. तेव्हा अडीच किलोची ‘योद्ध्यांची लाँगसोर्ड’ कोणी विकत असेल तर समजायचं की बनवणाऱ्याने खरी तलवार कधी मोजलेली नाही. पण नुसतं वजन बरोबर असूनही भागत नाही. सारख्या वजनाच्या दोन बॅट उचलल्या तर एक हलकी वाटते, दुसरी जड, कारण वजन कुठे ठेवलंय ते वेगळं असतं. तलवारीचंही तेच. तोलबिंदू काढायला पातं बोटावर आडवं ठेवा आणि जिथे स्थिर राहील तिथून मुठीच्या पुढच्या आडव्या दांडीपर्यंतचं अंतर मोजा. लाँगसोर्डला ते साधारण ७ ते १३ सेंटीमीटर असावं. वाकड्या, कापण्यासाठी बनवलेल्या तलवारींना ते जास्त असतं आणि तो दोष नव्हे.

मात्र तोलबिंदूच्या आकड्याने फसवणंही सोपं आहे. मागे पॉमेल, म्हणजे मुठीच्या टोकाचा गोळा, अवजड केला की सपाट पट्टीचाही तोलबिंदू मुठीजवळ येतो. कागदावर सगळं झकास, हातात मात्र दोन्ही टोकांना वजन बांधल्यासारखं लोढणं. म्हणून जाडी आधी, तोलबिंदू नंतर.

तुलनेसाठी खरे आकडे मिळवणं आता अवघड नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या ऑनलाइन सूचीत पुष्कळ तलवारींची लांबी, रुंदी आणि वजन दिलेलं असतं. लंडनचं वॉलेस कलेक्शन आणि ब्रिटनचं रॉयल आर्मरीज ही संग्रहालयंही बघा. यूअर्ट ओकशॉट या अभ्यासकाने १९६० मध्ये मध्ययुगीन युरोपियन तलवारींची दहाव्या ते बाविसाव्या प्रकारापर्यंत रोमन आकड्यांची वर्गवारी मांडली. ती पाठ करायची गरज नाही, पण विक्रेता ‘प्रकार अठरा-ए’ म्हणत असेल तर त्या प्रकाराच्या दोन-तीन अस्सल तलवारी शोधून शेजारी ठेवून बघा. पात्यावरची नळी, म्हणजे लांबीतून कोरलेली पन्हाळ, किती लांब आहे, टोक किती अणकुचीदार आहे, कणा उठावदार आहे का? ‘मध्ययुगीन’ या एका शब्दात सहाशे वर्षांच्या तलवारी कोंबणारा विक्रेता काय विकतोय हे त्याचं त्यालाही माहीत नसतं. जाता जाता: ती नळी रक्त वाहून जाण्यासाठी नसते. ताकद फारशी न घालवता वजन उतरवण्यासाठी ती असते.

आता टँग. पात्याचा जो भाग मुठीच्या आत जातो तो टँग. ‘फुल टँग’ हे शब्द सुऱ्यांच्या बाजारातून आलेत. तिथे पोलाद मुठीच्या पूर्ण रुंदीचं असतं आणि दोन्ही बाजूंनी लाकडी फाळी लावलेल्या असतात. तलवारीत बहुधा तसं नसतं. टँग पात्यापेक्षा अरुंदच असतो आणि असायलाही हवा. प्रश्न असतो तो एकसंध आहे का, पुरेसा रुंद आहे का आणि खांद्यापाशी, म्हणजे पातं संपून टँग सुरू होतो तिथे, गोलाई ठेवली आहे का. काटकोनात कापलेला खांदा दिसायला नेटका असतो, पण चीर तिथूनच जाते.

दुरुस्तीला येणाऱ्या स्वस्त तलवारींत आतलं चित्र बरंचसं सारखं असतं. मूठ काढली की बोटाएवढा पोलादाचा तुकडा दिसतो, त्याच्या टोकाला आट्यांची बारीक सळई वेल्ड केलेली, वेल्डच्या भोवती जळका काळा भाग. लाकडी मुठीतलं भोक सळईच्या दुप्पट रुंद आणि उरलेल्या जागेत वाळलेला डिंक. तलवार फिरवली की सगळा झटका त्या वेल्डवर येतो आणि वेल्डशेजारचं पोलाद तापून आधीच बिघडलेलं असतं. तुटलं तर ते तिथेच. हे बाहेरून ओळखायचं कसं? पूर्ण खात्रीने नाही. तळहाताने पॉमेलला हलकी थाप द्या आणि कानाने ऐका. नीट बसलेली तलवार स्वच्छ घुमते. सैल असेल तर खुळखुळते किंवा झणझणते. विक्रेत्याकडे मूठ काढलेल्या तलवारीचा फोटो मागा. चांगले कारागीर तो न कुरकुरता देतात.

पॉमेलच्या टोकाला नट दिसला म्हणून नाक मुरडू नका. टँगचं टोक ठोकून पॉमेलवर पसरवणं, म्हणजे रिव्हेट करणं, ही जुनी रीत आहे आणि टिकाऊ आहे. पण नटाची तलवार उघडता येते, आवळता येते, मूठ बदलता येते. टँगवरच आटे पाडले असतील तर मी पहिल्या तलवारीसाठी नटाचीच घ्या म्हणेन. वाईट असते ती वेल्ड केलेली सळई, नट नव्हे.

आणि हा सगळा हिशेब भारतीय तलवारीला जसाच्या तसा लावू नका. बशीसारखी गोल चकती असलेल्या आपल्या तलवारीच्या मुठीत टँग आखूडच असतो आणि तो लाखेच्या किंवा राळेच्या मसाल्यात पक्का केलेला असतो. खऱ्या, लढलेल्या तलवारीही अशाच आहेत. तेव्हा ‘फुल टँग नाही म्हणून नकली’ हा निवाडा इथे चुकतो. भारतीय तलवारीच्या स्वस्त प्रतिकृती फसतात त्या दुसऱ्या ठिकाणी. मूठ ऐसपैस लांब केलेली असते. अस्सल मूठ हाताला घट्ट वाटते, चकती आणि आडवी दांडी यांच्यात पंजा जेमतेम बसतो आणि पकड त्यामुळेच पक्की होते. शिवाय सोन्या-चांदीच्या तारेच्या कोफ्तगिरीऐवजी सोनेरी रंग फासलेला असतो. तो दोन पावसाळ्यांत उडतो.

पोलादाच्या आकड्यांवर लोक तासन्‌तास भांडतात. मला त्यात फार रस नाही. १०४५ म्हणजे सुमारे ०.४५ टक्के कार्बन, १०६० म्हणजे ०.६०, १०९५ म्हणजे ०.९५. ५१६० आणि ९२६० ही स्प्रिंगची पोलादं, चिवट. यांतलं कुठलंही चालतं, उष्णतासंस्कार, म्हणजे तापवून-थंड करून पोलादाला कठीण आणि चिवट करणं, नीट झाला असेल तर. नीट संस्कार केलेलं १०६० हे कच्च्या हाताने संस्कार केलेल्या १०९५ पेक्षा कधीही बरं. पात्याची कठीणता रॉकवेल या कठीणतेच्या मापात ४८ ते ५४ च्या दरम्यान सांगितली असेल तर ठीक. ‘६० रॉकवेल, अभेद्य’ अशी जाहिरात पूर्ण पात्यासाठी असेल तर ती काचेची तलवार आहे.

‘दमास्कस’वर कमी बजेटमध्ये एक पैसाही घालू नका. आज त्या नावाने मिळतं ते बहुतेक दोन पोलादांचे थर वेल्ड करून, आम्लात बुडवून नक्षी उमटवलेलं पातं. दक्षिण भारतात मुशीत वितळवून बनणारं ते जुनं वुट्झ पोलाद वेगळं. थर नीट जोडणं हे कौशल्याचं, वेळखाऊ काम आहे आणि स्वस्तात केलं की थरांमध्ये फटी राहतात. त्याहून स्वस्तात नक्षी नुसती वरवर छापलेली असते. ओळखायची खूण सोपी आहे: धारेकडे पातं उतरतं तिथे थर तिरपे कापले जातात, म्हणून खरी नक्षी तिथे ताणली जाते, बदलते. छापलेली नक्षी उतारावरूनही जशीच्या तशी चालत जाते.

कतानावरच्या हामोनचं, म्हणजे धारेलगतच्या लाटेसारख्या रेषेचं, असंच आहे. माती लावून, धार कठीण आणि पाठ मऊ ठेवून केलेल्या संस्कारात ती आपोआप उमटते. दिव्याखाली पातं हळूहळू तिरकं करा, रेषेच्या कडेला बारीक धुक्यासारखा पट्टा सरकताना दिसेल. तारेच्या ब्रशने किंवा आम्लाने काढलेली रेषा कुठल्याही कोनातून सारखीच पांढरी. स्वस्त कतानात खोट्या हामोनचे पैसे देण्यापेक्षा संपूर्ण पातं एकसारखं संस्कारलेली, बिनरेषेची साधी कताना घ्या. मूठ पक्की करणाऱ्या बांबूच्या खुंट्या, मेकुगी, घट्ट आहेत का ते मात्र आल्या आल्या बघा. ढिल्या असतील तर त्या स्वस्तात बदलता येतात.

चकचकीत पॉलिशबद्दल माझं मत जरा कडवट आहे. बफिंगच्या चाकावर घाईने घासलं की कण्याची धारदार रेघ आणि नळीच्या कडा विरघळल्यासारख्या गोल होतात. दुरून आरसा, जवळून साबणाची वडी. पातं डोळ्यासमोर सुळासारखं धरा आणि नळीतून खिडकीच्या उजेडाची रेषा जाऊ द्या. रेषा सरळ गेली तर घासणाऱ्याचा हात बरा आहे. नागमोडी गेली तर चकाकीखाली खड्डे आहेत. त्यामानाने साधं, मंद, उभ्या ओरखड्यांचं फिनिश काही लपवत नाही, आणि त्यावर पडलेला डाग घरीही काढता येतो.

मग पैसे वाचवायचे कुठे? म्यानात. स्वस्त तलवारीचं म्यान बहुतेक वेळा वाईटच असतं आणि त्यावर चिडून उपयोग नाही. मुठीवरच्या चामड्यात: ते काढून, दोरा गुंडाळून, वर पातळ चामडं चिकटवणं हे कोणालाही शिकता येण्यासारखं काम आहे. नक्षीत, नाव कोरण्यात, भिंतीवरच्या फळीत. आणि धारेत. बिनधारेची तलवार बहुधा स्वस्त असते, संग्रहात शोभते आणि कायद्याच्या दृष्टीनेही अनेक ठिकाणी कमी कटकटीची. तुमच्या ठिकाणी पात्याची लांबी, धार आणि पार्सलने मागवणं यांचे नियम काय आहेत ते ऑर्डर देण्याआधी बघा. माल अडकला की पैसे परत मिळणं अवघड होतं.

एक सूचना सरावाबद्दल. बिनधारेची प्रतिकृती म्हणजे सरावाची तलवार नव्हे. समोरासमोर खेळायच्या तलवारींची धार जाड आणि गोल असते, टोक लवचीक किंवा वळवलेलं असतं. शोभेच्या तलवारीने मित्राशी दोन हात करायचा मोह आवरा, विशेषतः आत वेल्ड आहे की नाही हे माहीत नसताना.

परवडणाऱ्या गटात नावं विचाराल तर १९४३ पासून चालत आलेला डेहराडूनचा विंडलास, चीनमधला हानवेई, इटलीतला डेल टिन ही नावं संग्राहकांमध्ये नेहमीची आहेत. पण कुठल्याही बनवणाऱ्याचं नाव बघून डोळे मिटू नका. एकाच कारखान्यातून एक मॉडेल संग्रहालयातल्या तलवारीवरून मोजून केलेलं निघतं आणि दुसरं नुसतं चित्र बघून. मॉडेलगणिक ते तीन आकडे मागा.

नवीच हवी असा हट्ट नसेल तर वापरलेली बघा. संग्राहक सतत एक विकून दुसरी घेत असतात. असा मालक तलवारीचं वजन, तोलबिंदू आणि दोष सगळं पाठ सांगतो, दुकानदार सांगणार नाही इतकं. काही विक्रेते ओरखडा किंवा वाकडी शिलाई असलेल्या तलवारी वेगळ्या काढून कमी किमतीला देतात. दोष म्यानात किंवा मुठीच्या चामड्यात असेल तर त्याहून चांगला सौदा नाही. एकोणिसाव्या शतकातली एखादी साधी, बिननक्षीची लष्करी तलवार चांगल्या प्रतिकृतीच्या किमतीत मिळू शकते, हेही डोक्यात असू द्या. मात्र जुन्या वस्तू देशाबाहेर नेण्यावर बऱ्याच देशांत बंधनं असतात, ती आधी तपासा.

तलवार घरी आली की परत करायची मुदत संपण्याआधी तीन गोष्टी करा: पाठीकडून नजर लावून पातं सरळ आहे का बघा, थाप देऊन आवाज ऐका आणि व्हर्नियरने जाडी स्वतः मोजा. प्रवासासाठी लावलेलं चिकट ग्रीस स्पिरिटने पुसून काढा आणि हलकं खनिज तेल किंवा मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा हात द्या. १९५० च्या दशकात ब्रिटिश म्युझियममध्ये संग्रहातल्या वस्तूंसाठी असं मेण तयार केलं गेलं आणि संग्राहक आजही तेच वापरतात. उघड्या हाताने पात्याला स्पर्श झाला तर लगेच पुसा. घामाचे ठसे दमट हवेत एका रात्रीत तपकिरी होतात. चामड्याच्या म्यानात तलवार कायमची ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि कमावताना वापरलेले क्षार पोलादाला खातात. म्यान शेजारी ठेवा, तलवार बाहेर.

तुमच्या दोन पर्यायांपैकी मी दुसरी घेईन, पण आज नाही. आधी तिचे तीन आकडे मागवा. टोकाकडे जाडी निम्म्याच्या आसपास उतरत असेल तर दुप्पट किंमत योग्य आहे. आकडे सपाट आले तर तीही पट्टीच आहे, फक्त न गंजणाऱ्याऐवजी गंजणारी. मग तेवढेच पैसे घेऊन वापरलेल्या तलवारींच्या यादीत बघायला लागा.